प्रोस्टेट कॅन्सर : प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, उपचाराचे दिवसही कमी झाले; पण तपासणी लांबवू नका

चंद्रपूर / गडचिरोली : साठी ओलांडलेला माणूस रात्री चार-चार वेळा लघवीला उठतो, धार बारीक होते, थांबून थांबून होते. घरचे म्हणतात, वय झालं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. वयानुसार प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण त्याच ग्रंथीत कॅन्सरही होतो, आणि सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. म्हणून फरक तपासणीशिवाय कळत नाही. या आजाराच्या उपचारात गेल्या दहा वर्षांत बरंच बदललं आहे. आपल्या भागातल्या रुग्णाच्या कामाचं त्यातलं काय, ते येथे देत आहोत.

तपासणी कोणती?

पहिली तपासणी रक्ताची, तिला पीएसए म्हणतात. साधारण ४ च्या वर आकडा आला तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. पण आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. लघवीचा जंतुसंसर्ग झाला किंवा नळी टाकलेली असली तरी तो वाढतो. पक्कं निदान बायोप्सीनेच होतं. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" असं गावात बोललं जातं. या भीतीने बायोप्सी टाळू नये.

लगेच ऑपरेशन हवंच का?

कॅन्सर ग्रंथीपुरताच असेल तर घाई नसते. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले : एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर फक्त नियमित लक्ष. १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले जवळपास सारखेच, १०० पैकी सुमारे ३. मात्र फक्त लक्ष ठेवलेल्यांत आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकी दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले. म्हणजे "वाट पाहू" असं डॉक्टर म्हणाले तर त्याचा अर्थ घरी बसणे नव्हे, तर ठरलेल्या तारखेला तपासणीला जाणे.

रेडिएशन : साडेसात आठवड्यांवरून पाच वेळांवर

आपल्याकडे रेडिएशन अर्धवट सुटतं ते दिवसांमुळे. सिरोंचा किंवा भामरागडहून नागपूर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची गोष्ट नाही. तिथेच राहावं लागतं, सोबत एक माणूस लागतो, आणि रोवण्याच्या दिवसांत घरातली दोन माणसं कमी होणं परवडत नाही.

पूर्वी ३७ वेळा मशीनखाली जावं लागायचं, म्हणजे साडेसात आठवडे. २०१६ च्या 'चिप' अभ्यासात तीन हजारांवर रुग्णांत २० वेळांचं रेडिएशन तेवढंच परिणामकारक ठरलं. २०२४ मध्ये 'पेस-बी' अभ्यासाने त्याहून पुढची गोष्ट सांगितली. कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांत फक्त ५ वेळा दिलेल्या रेडिएशननंतर पाच वर्षांनी ९५.८ टक्के रुग्णांत आजार उलटला नव्हता. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ९४.६ टक्के होतं. लघवीचा त्रास मात्र सुरुवातीच्या काळात काहीसा जास्त दिसला. हे पाच वेळांचं रेडिएशन सगळीकडे होत नाही, त्याला नेमकं मशीन लागतं.

जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलचा अभ्यास महत्त्वाचा आहे. २२४ रुग्णांवरचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटसोबत ओटीपोटातील गाठींनाही रेडिएशन दिल्यावर पाच वर्षांनी ९५ टक्के रुग्णांत पीएसए पुन्हा वाढला नाही. फक्त प्रोस्टेटला दिलं तेव्हा हे प्रमाण ८१ टक्के होतं. याच टाटाने जास्त धोक्याच्या रुग्णांतही पाच वेळांचं रेडिएशन चालेल का, हे तपासण्यासाठी 'प्राइम' ही चाचणी हाती घेतली.

हाडात पसरला असेल तर

खेड्यातले बरेच रुग्ण या टप्प्यावरच येतात, कारण कंबरदुखी बांधीत वाकून वाकून आली असंच समजलं जातं. इथे मुख्य उपचार पुरुष हार्मोन बंद करण्याचा. हे तत्त्व चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. हार्मोन दोन प्रकारे बंद होतं : ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन, किंवा अंडकोषाचं एकदाच छोटं ऑपरेशन. हार्मोन कमी करण्यात दोन्ही सारखेच. इंजेक्शन चुकलं की हार्मोन परत वाढतं, म्हणून लांबच्या रुग्णाने ऑपरेशनचाही विचार डॉक्टरांशी बोलून करावा. यात लाज कसली?

सोबत अ‍ॅबिराटेरॉन गोळी दिली तर आयुष्य वाढतं, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. 'लॅटिट्यूड' अभ्यासात जगण्याचा मध्य ३६.५ महिन्यांवरून ५३.३ महिन्यांवर गेला. २०१८ च्या ७२ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात जेवणासोबत २५० मिलीग्रॅम घेतलेल्या गोळीने पीएसए उपाशीपोटी १००० मिलीग्रॅमइतकाच उतरला. खर्च यामुळे चौथ्या हिश्श्यावर येऊ शकतो. पण हा बदल डॉक्टरांनीच करायचा. मनाने जेवणासोबत पूर्ण डोस घेणं धोक्याचं आहे.

कॅन्सर असलेल्या माणसाची पाठ दुखत असताना पायातली ताकद गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुटला, तर मणक्यावर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी १०८ ला फोन करा. उशीर झाला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

कुठे जायचं, पैसे कसे?

नागपुरात शासकीय मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट व जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. एसटीत ७५ च्या वरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. वडसा, चंद्रपूर किंवा बल्लारशाहून रेल्वेने जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला व सोबत्याला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर सवलत मिळते.

डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा : आजार ग्रंथीपुरता आहे की पसरला? धोका कमी, मध्यम की जास्त? रेडिएशन कमीत कमी किती वेळांत होईल? इंजेक्शन बरं की ऑपरेशन? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि फाईल प्रत्येक वेळी सोबत न्या.