वीणेचा पहारा

अकोट तालुक्यातल्या एका गावी १९८८ च्या चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. मी सतरा वर्षांचा होतो. रात्रीच्या कीर्तनात चाल म्हणायला मला पुढे उभे केले. अभंग दिवसभर मनात घोळवलेला होता. पण समोर भरलेला मंडप दिसला आणि मी पेटीची पट्टी सोडून भलत्याच उंच सुरात तोंड उघडले. टाळकऱ्यांना तो सूर झेपेना. दुसऱ्या चरणापाशी शब्दही आठवेनात. बुवांनी गजर धरून वेळ मारून नेली आणि मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

कीर्तन आटोपल्यावर मंडळातले एक म्हातारे वीणेकरी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बापू, तू भेला काहून, सांगू? तुले लोकं आयकू येऊन रायले होते, वीणा नाई. पयले वीणा आयक, मंग तोंड उघड."

तेव्हा मला ते समजूत घालणे वाटले. पुढे जिनिंगमध्ये हिशेबनिशी करता करता संगीताच्या इतिहासाची गोडी लागली. रीतसर शिक्षण काही नाही. वाचनालयातली पुस्तके आणि जाणकारांशी गप्पा, एवढेच भांडवल. त्या वाचनात एक प्रश्न सतत सोबत राहिला : गाताना गायकाचे मन कुठे असते, आणि ते तिथे ठेवण्यासाठी आपल्या परंपरेने काय केले?

त्याचे एक जुने उत्तर महाराष्ट्रातच लिहिले गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत आलेले. राज्याच्या हिशेबाचे खाते त्याच्याकडे होते. त्याने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर' या संस्कृत ग्रंथाच्या तिसऱ्या, म्हणजे प्रकीर्णक अध्यायात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. दात आवळून गाणारा, उंटासारखी मान वर करून गाणारा, नाकात गाणारा असे शरीराचे दोष त्यात आहेतच. पण त्यांच्याच रांगेत 'भीत', 'शंकित', 'कंपित' आणि 'अनवधान' हेही आहेत.

हिशेबनीस माणसाची नजर इथे दिसते. आपण सगळ्याला मिळून 'घाबरला' म्हणतो; त्याने खाती वेगळी केली. भीत म्हणजे मनात भय घेऊन गाणारा. शंकित म्हणजे घाईने गाणारा. स्वतःविषयी शंका आली की माणूस लवकर सुटायला बघतो, हे त्याने नेमके टिपले. कंपित म्हणजे ज्याचे अंग आणि आवाज कापतो तो. आणि अनवधान, म्हणजे लक्ष नसणे, हा या सगळ्यांहून निराळा दोष. माझ्या त्या रात्रीच्या फजितीत हे चारही होते.

याच यादीत 'निमीलक' आहे : डोळे मिटून गाणारा. डोळे मिटले की एकाग्रता साधते, असे आपण धरून चालतो. शार्ङ्गदेवाने ते दोषांत घातले. उलट चांगल्या गायकाच्या गुणांत त्याने 'सावधान' हा शब्द ठेवला. मला यातून एवढे उमगते की त्याला हवी असलेली एकाग्रता आत बुडून जाण्याची नव्हती. सभेत जागे राहून, कान उघडे ठेवून गाण्याची होती.

आता वीणेकडे येऊ. वारकऱ्यांची वीणा राग वाजवण्यासाठी नसते; ती आधाराचा सूर धरते. सप्ताहात ती सात दिवस खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने पाया पडून ती गळ्यात घ्यायची. भर दुपारी मंडपात चिटपाखरू नसते, रात्री तीनला सगळे पेंगत असतात, तरी वीणेकरी उभा असतो, तार छेडत आणि नाम घेत. याला आपण भक्तीचा नेम म्हणतो आणि तो आहेच. पण गाण्याच्या अंगाने पाहिले तर सूर ऐकत राहण्याची ही केवढी मोठी तालीम आहे! ज्याने पहाटेचे पहारे केले, त्याला मंडपातल्या गर्दीत षड्ज शोधावा लागत नाही.

मैफलीच्या गायकाकडे हेच काम तानपुरा करतो. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तानपुऱ्यात तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. चार तारा नीट मिळाल्या की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत थांबायचे, तर मन दुसरीकडे ठेवून चालत नाही. किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) मैफलीपूर्वी तानपुरे लावण्यात बराच वेळ घालवीत. श्रोते बाहेर खोळंबत आणि काहीजण रागावत. मला वाटते, तो वेळ तानपुऱ्याइतकाच गायिकेचे मन सुरात लावण्याचा होता.

कुमार गंधर्वांचे उदाहरण याच्याही पलीकडचे आहे. क्षयाने गाठल्यावर ते १९४८ च्या आरंभी देवासला राहायला गेले आणि काही वर्षे गाणे बंदच राहिले. गळा बंद, पण कान उघडा. माळव्यातल्या बाया गात ती लोकगीते त्यांनी त्या काळात कान देऊन ऐकली. पुढे ते पुन्हा गायला बसले तेव्हा त्या ऐकण्याने त्यांचे गाणे बदललेले होते.

पण तानपुरा लावायला सवडच नसेल तर? इथे आपल्या वऱ्हाडातला माणूस आठवतो. डॉ. वसंतराव देशपांडे २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला, आपल्या शकुंतला गाडीच्या जंक्शनावर जन्मले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली. १९६७ साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब त्यांनी अजरामर केले. नाटकात गद्य संवाद चालू असतो, राग किंवा दुःख चेहऱ्यावर असते, आणि पुढच्या क्षणी पद सुरात उचलायचे असते. मन एकाग्र करायला दोन मिनिटेही मिळत नाहीत. म्हणजे तयारी रंगमंचावर यायच्या कितीतरी आधी झालेली हवी. षड्ज बोलण्याच्या आवाजाखालीसुद्धा वाजत राहिला पाहिजे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) रीत आणखी वेगळी. त्यांच्या हातात खंजिरी असे. गाणाराच ताल धरतो तेव्हा हाताला आणि कानाला काम मिळते, भीतीला जागा कमी उरते. शिवाय त्यांनी गावोगाव सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना रुजवली. एकत्र गाण्याइतकेच एकत्र गप्प बसणेही त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

या साऱ्यांच्या वाटा निराळ्या, पण एका जागी मिळतात. यांतल्या कुणीही भीती घालवण्याच्या मागे लागलेले दिसत नाही. त्यांनी लक्षाला बसायला एक जागा दिली : तार, धागा, खंजिरी, दुसऱ्याचे गाणे.

म्हणूनच मला एका गोष्टीची काळजी वाटते. आमच्या मंडळात वीणा आजही खाली ठेवत नाहीत. पण मंडपात चार मोठे स्पीकर असतात, माइकला एको लावलेला असतो, आणि वीणेकऱ्याला स्वतःची तार ऐकू येत नाही. पहारा होतो, ऐकणे होत नाही. गाणारी पोरे मोबाइलवरचा तानपुरा घरी लावतात आणि मंडपात आली की माझ्यासारखीच पट्टी चुकतात.

यंदाच्या सप्ताहाआधी मी बैठकीत एवढेच मागितले की कीर्तनाआधी दहा मिनिटे स्पीकर बंद ठेवावेत आणि नुसती वीणा चालू द्यावी. थोडी कुरकुर झाली. साउंडवाल्या पोराने विचारले, "काका, लोकं उठून गेले तं?" दोन-चार उठलेही. बाकीचे बसून राहिले. त्या रात्री चाल म्हणायला नववीतली एक मुलगी उभी होती. ती बराच वेळ वीणेकऱ्याकडे पाहत राहिली, पेटीवाल्याने दोनदा सूर दिला तरी थांबली, आणि मग बरोबर पट्टीत उचलले. हात कापत होते तिचे. आवाज नाही कापला.