खानावळीपासून केटरिंग कॉलेजापर्यंत



बचत गटाचे फॉर्म भरताना आम्ही 'व्यवसाय' या रकान्याशी नेहमी अडतो. उल्हासनगरच्या लग्नाच्या हॉलमध्ये, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतल्या कॅन्टीनमध्ये, स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात आपल्या कितीतरी जणी राबतात. काय लिहायचं म्हणून विचारलं की उत्तर येतं, "हेल्पर लिहा." तीनशे पानांचा भात नजरेच्या अंदाजाने टाकणारी बाईही हेल्परच. कुक, सुपरवायझर, मॅनेजर हे शब्द दुसऱ्याच्या नावापुढे लागतात आणि पगारही त्या शब्दाप्रमाणेच ठरतो. हे असं का झालं, आणि आपल्या आधीच्या बायकांनी त्यावर काय केलं, ते आज पाहू.

आधी गिरणगावात जाऊ. कोकणातून, घाटावरून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आले. बायकामुलं गावी राहिली. मग त्यांना जेवू कोण घालणार? लालबाग-परळच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बायकांनी खानावळी चालवल्या. पहाटे उठायचं, पाळीप्रमाणे डबे भरायचे आणि महिन्याच्या शेवटी हिशेब करायचा. आज ज्याला आपण हॉस्पिटॅलिटी म्हणतो, त्यातलं खरेदी, साठवण, वेळापत्रक, वसुली असं सगळं त्या बायका करत होत्या. पण त्याला कुणी धंदाही म्हणत नव्हतं आणि कौशल्यही. 'बाईच आहे, स्वयंपाक तर करणारच,' एवढ्यावर विषय संपायचा.

आपल्या उल्हासनगरचंही तसंच. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सगळं मागे टाकून आलेल्या त्या घरांत बायकांनी पापड लाटले आणि ते विकून संसार उभे राहिले. कॅम्पच्या इतिहासात व्यापाऱ्यांची नावं सापडतात. पापड लाटणाऱ्या हातांची मात्र सापडत नाहीत.

आता एक गोष्ट ऐका, जी आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक असते. मुंबईत दादरला सरकारी हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे. लोक तिला दादर केटरिंग कॉलेज म्हणतात. मोठमोठे शेफ तिथे शिकले. ती संस्था 1954 साली सुरू केली ती बायकांच्या एका संघटनेने, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने. पुढाकार होता लीलावती मुन्शी यांचा. देशात तेव्हा धान्याची टंचाई होती. कमी धान्यात पोटभर आणि सकस जेवण कसं द्यायचं, या प्रश्नातून परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची स्वस्त उपाहारगृहं चालवली. उपाहारगृह चालवायचं तर शिकलेली माणसं हवीत, म्हणून शिक्षणाची सोय झाली. म्हणजे स्वयंपाक हा शिकण्याचा, परीक्षा देण्याचा विषय आहे, हे आपल्याकडे बायकांनीच मांडलं.

पण कॉलेजात जायला बारावी लागते, फी लागते, पूर्ण वेळ लागतो. चाळीतल्या खानावळवालीला यातलं काय परवडणार? तिच्यासाठी दार उघडलं ते 1975 मध्ये. गिरणी संपात कामगारांना पगार नसे, ते जेवणाचे पैसे देऊ शकत नसत, आणि किराणा भरायला खानावळवाली सावकाराकडे दागिना गहाण टाकत असे. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिलं. त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सुरुवातीला चौदा जणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण म्हणून दागिना नव्हता, तर एकमेकींची हमी होती. बचत गट हा शब्द आपल्या गल्लीत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढे 1982 चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि खानावळीचं गिऱ्हाईकच उरलं नाही. तेव्हा मंडळाने केटरिंगच्या ऑर्डरी घेतल्या, वाशीला केंद्र उभारलं आणि बायकांना प्रशिक्षण दिलं. घरच्या चवीला मोठ्या ऑर्डरीचा हिशेब आणि स्वच्छतेची शिस्त जोडली. कर्जाने धंदा टिकला होता, पण काळ बदलल्यावर शिक्षणानेच तो तगला.

या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, आपलं काम हे कौशल्य आहे. दुसरी, ते कागदावर आल्याशिवाय बढती मिळत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन ठेवायला लावता येत असे. म्हणजे आपल्या पट्ट्यात काम आहे. प्रश्न आहे तो त्या कॅन्टीनमध्ये आपण कुठल्या पायरीवर उभं राहायचं, हा.

म्हणून पायऱ्या नीट समजून घ्या. दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन' हा एक वर्षाचा ट्रेड असतो. तो प्रत्येक ठिकाणी नसतो. अंबरनाथच्या आयटीआयत जाऊन तो जवळ कुठे आहे ते विचारा. वर्षानुवर्षं काम करून शिकलेल्यांसाठी केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली, तिची चौकशी करा. शिक्षण अर्धवट सुटलं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच उभं आहे. आणि कुठल्याही खाजगी क्लासला फी भरण्याआधी त्याचं प्रमाणपत्र कुणाच्या मान्यतेचं आहे, ते लेखी मागा.

तोवर घरबसल्या एक काम करता येईल. शंभर पानांची वही घ्या. कुठल्या तारखेला किती माणसांचं जेवण केलं, तांदूळ-डाळ-तेल किती लागलं, काय उरलं, ते रोज लिहा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन मालकाकडे किंवा प्रवेशाच्या खिडकीवर जा. गटात कुणाला लिहिता येत नसेल तर शेजारणीने लिहून द्यावं. चौदा जणींनी एकमेकींची हमी घेतली होती, आपण निदान एकमेकींची वही तरी लिहू.