पानावरून मूळ ओळखणारी मुले

आपल्याकडील बहुसंख्य शाळांत विज्ञान हा वाचण्याचा विषय असतो, पाहण्याचा नसतो. शेतकऱ्याचा मुलगा सकाळी हरभऱ्याच्या शेताच्या बांधावरून चालत शाळेत येतो आणि वर्गात बसून ‘द्विदल वनस्पतींना सोटमूळ असते’ हे वाक्य वहीत पाच वेळा उतरवून काढतो. मागे टाकून आलेले शेत आणि समोरचे वाक्य यांची गाठ त्याच्या मनात पडत नाही. ती पडावी अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. परीक्षेत वाक्य आले म्हणजे विज्ञान आले, असा सर्वमान्य समज आहे.

या समजाला तीस वर्षे आव्हान देणारा एक उद्योग नर्मदेच्या काठी होऊन गेला. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आज त्याचे नाव नर्मदापुरम असे आहे) 1972 साली तो सुरू झाला आणि 2002 साली एका सरकारी आदेशाने बंद पडला. ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ हे त्याचे नाव. प्रयोगशाळा नसलेल्या, कित्येकदा बसायला बाकेही नसलेल्या खेड्यांतील शाळांत तो चालला, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य होय.

त्याची पार्श्वभूमी थोडी ध्यानी घ्यावयास हवी. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने 1966 साली केली होती. विज्ञान सक्तीचे करणे सोपे होते. ते शिकवावे कसे, हा प्रश्न अवघड होता. मुंबईत महानगरपालिकेच्या शाळांतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिकांनी प्रयोगांच्या द्वारा विज्ञान शिकविण्याची खटपट चालविली होती. पुढे 1974 साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी हे त्यांतलेच एक. शहरातील शाळेत जे जमू शकते ते खेड्यात जमेल काय, हा पुढचा प्रश्न होता.

तो प्रश्न हाती घेतला दोन संस्थांनी. एक होशंगाबादजवळ रसूलिया येथील क्वेकर पंथीयांचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’, आणि दुसरी बनखेडीच्या परिसरातील ‘किशोर भारती’. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे टाटा संशोधन संस्थेतील आपले काम सोडून खेड्यात येऊन राहिलेले वैज्ञानिक होते. या दोन्ही संस्थांनी स्वतःची शाळा काढली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी राज्य सरकारची परवानगी मागितली आणि सरकारच्याच सोळा शाळांत, सरकारच्याच शिक्षकांकरवी, सहावी ते आठवीच्या मुलांना नव्या रीतीने विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. निवडक मुलांची आदर्श शाळा उभारणे हे एक काम. चालू शाळा आतून बदलणे हे त्याहून फार कठीण काम. त्यांनी कठीण काम पत्करले.

ही रीत होती तरी कशी? वर्गातील मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून जमिनीवर बसत. प्रत्येक टोळीपुढे काही साहित्य असे: एखादे भिंग, परीक्षानळी, लोहचुंबक, आणि बाकीच्या वस्तू बहुधा घरच्या किंवा बाजारातल्या. हाती असे ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक. त्या पुस्तकात पाठ करण्याजोगे फारच थोडे असे. हे करून पाहा, काय दिसले ते लिहा, शेजारच्या टोळीला काय दिसले ते विचारा, दोहोंत फरक का पडला याचा विचार करा, अशा सूचनांनी आणि प्रश्नांनी त्याची पाने भरलेली असत. उत्तरे पुस्तकात नसत. ती मुलांच्या वहीत तयार व्हावयाची असत.

एक उदाहरण पाहू. मुले गावाबाहेर फेरफटका मारून नाना तऱ्हेची रोपे मुळांसकट उपटून आणीत. प्रथम पानांवरील शिरा पाहावयाच्या. काहींच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात, काहींच्या जाळ्यासारख्या पसरतात. त्यांचे दोन ढीग करावयाचे. मग त्याच रोपांची मुळे पाहावयाची. काहींचे एकच जाड मूळ सरळ खाली जाते, काहींच्या मुळांचा झुपकाच असतो. त्यांचेही दोन ढीग करावयाचे. येथवर काम चुपचाप चालते. परंतु दोन्ही नोंदी शेजारी ठेवताच एखाद्या टोळीतून आवाज उठतो. गहू, मका, ज्वारी, दूर्वा: शिरा समांतर आणि मुळे झुपक्याची. हरभरा, तूर, मेथी: शिरा जाळीदार आणि मूळ एकच सरळ. म्हणजे रोप न उपटता, केवळ पान पाहून, जमिनीखाली काय असेल ते सांगता येईल! मग मुले पैज लावल्यासारखी धावतात, पान पाहून मूळ सांगतात, आणि उपटून खरेखोटे करतात.

हे ज्ञान वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात एका ओळीत दिलेले आहे. परंतु ओळ वाचणारे मूल आणि हा संबंध स्वतः हुडकून काढणारे मूल यांच्यात फार मोठे अंतर असते. दुसऱ्याला अपवादही शोधावासा वाटतो. परसातील अळूचे पान घेऊन ते येते आणि विचारते, याच्या शिरा तर जाळीदार दिसतात, मग मुळे झुपक्याची कशी? अळू ही एकदल वनस्पती असूनही तिच्या शिरा जाळ्यासारख्या असतात, हे खरेच आहे. ओळ पाठ करणाऱ्याला अळूची अडचण कधी पडत नाही, कारण त्याने अळूच्या पानाकडे पाहिलेलेच नसते.

मोजमापाचा धडा याहून साधा, पण अर्थाने अधिक खोल. एकाच टेबलाची लांबी चार मुले पट्टीने मोजतात आणि चौघांची उत्तरे किंचित निरनिराळी येतात. नेहमीच्या वर्गात तिघे आपले आकडे खोडून चौथ्याचा, म्हणजे हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचा आकडा लिहितात. येथे सर्व आकडे फळ्यावर मांडले जात आणि फरक का पडला याची चर्चा होई. पट्टीची टोके झिजलेली असतात, डोळा तिरका पडतो, पट्टी पुढे सरकवताना खूण हलते. प्रत्येक मोजमापात थोडी घटबढ राहणारच, आणि ती लपविण्यापेक्षा ओळखणे हेच शास्त्र, हा विचार खेड्यातील सहावीच्या मुलापर्यंत पोचत असे. आपला आकडा न खोडण्याचे धैर्य ही केवळ विज्ञानातीलच शिकवण नव्हे.

मुलांचे प्रश्न मात्र पुस्तकाच्या मर्यादेत राहणारे नसतात. त्यांच्यासाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. मुलांनी सवालीरामला पत्र लिहावे, काय वाटेल ते विचारावे, आणि त्याने पत्राने उत्तर धाडावे, अशी व्यवस्था होती. त्याच्या नावामागे खरी माणसे बसून उत्तरे लिहीत. एखाद्या प्रश्नासाठी विद्यापीठातील तज्ज्ञाचे दार ठोठवावे लागे. मुलाच्या प्रश्नाला टपालाने उत्तर येते, ही गोष्टच त्या मुलाच्या दृष्टीने केवढी मोठी!

तथापि या सर्वांहून अवघड जागा होती ती शिक्षकाची. आपल्या परंपरेत गुरुजींना सर्व येते असे गृहीत धरलेले असते. ‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ हे वाक्य उच्चारले तर मान जाईल, ही भीती अगदी सच्च्या शिक्षकालाही वाटते. होशंगाबादचे खरे काम या भीतीवर होते. उन्हाळ्याच्या सुटीत तीन तीन आठवड्यांची शिबिरे भरत. तेथे शिक्षक स्वतः टोळ्या करून बसत आणि मुलांनी करावयाचे प्रयोग आधी आपण करीत. त्यांच्याशेजारी दिल्ली विद्यापीठातून व अन्य उच्च संस्थांतून आलेले प्राध्यापक बसलेले असत. प्रयोग फसला म्हणजे प्राध्यापकांचाही फसे, आणि मग दोघे मिळून कारण शोधीत. वर्ष चालू असता दर महिन्याला परिसरातील शिक्षकांची बैठक होई; कोणता प्रयोग वर्गात जमला नाही, कोणता प्रश्न मुलांना कळला नाही, ते तेथे बोलले जाई, आणि त्या बोलण्यावरून पुस्तकात फेरफार होत. खेड्यातील शिक्षकाच्या शब्दावरून पाठ्यपुस्तक बदलते, याचा अनुभव आपल्या देशात विरळाच. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृत्या उभारण्याची अरविंद गुप्ता यांची पुढे ख्यातनाम झालेली युक्ती 1978 साली याच कार्यक्रमाच्या सहवासात जन्मली.

परीक्षा जुनीच राहिली असती तर हे सारे व्यर्थ गेले असते, हे चालकांनी आरंभीच ओळखले. म्हणून परीक्षाही बदलण्यात आली. लेखी परीक्षेत मुलांनी पुस्तक व आपली वही उघडी ठेवावी, अशी मुभा होती, कारण प्रश्न पाठांतराचे नसून विचाराचे असत. त्याखेरीज प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा लागे. वही नीट लिहिलेली नसेल तर उघड्या पुस्तकाचा काहीही उपयोग नसे.

सोळा शाळांतील अनुभवानंतर 1978 साली हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व मिडल स्कुलांत लागू झाला. 1982 साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने ही जबाबदारी उचलली. देवास, उज्जैन आदी इतर जिल्ह्यांतील शाळांतही तो पोचला. एकलव्यने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीही अशाच धर्तीचा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आखला, आणि 1985 पासून ‘चकमक’ हे मुलांचे मासिक काढले.

मग तो बंद का पडला? दोष सर्वस्वी एका बाजूवर टाकणे न्यायाचे होणार नाही. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या बदल्या होत आणि त्यांच्या जागी आलेल्यास ही रीत अपरिचित असे. मोडलेले साहित्य वेळेवर भरून मिळत नसे. आणि पालकांची तक्रार तर अगदी समजण्याजोगी होती. मुलाच्या वहीत व्याख्या नाहीत, तो घरी पाठांतर करीत नाही, आणि नववीत गेल्यावर मात्र त्याला पाठांतराच्याच परीक्षेला बसावयाचे आहे. मग त्याचे नुकसान होणार नाही काय? तीन वर्षे प्रश्न विचारावयास शिकविलेले मूल चौथ्या वर्षी प्रश्न न विचारणाऱ्या वर्गात जाऊन बसत होते. वस्तुतः ही अडचण त्या तीन वर्षांची नव्हती, पुढच्या वर्षांची होती. परंतु बेट समुद्राला बदलीत नाही. समुद्रच बेटाला हळूहळू खातो.

सगळ्या राज्यात एकच पुस्तक असावे, एकाच जिल्ह्याने वेगळे का शिकावे, हा युक्तिवाद बळावला. देशातील अनेक नामवंत वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी कार्यक्रम चालू ठेवण्याची विनंती केली, तीही उपयोगी पडली नाही. 2002 च्या जुलैत आदेश निघाला. ज्या सरकारी शाळांत शिरून काम करण्याचे अवघड व्रत या मंडळींनी घेतले होते, त्याच व्रताची ही किंमत होती. सरकारने दार उघडले म्हणून ते आत गेले होते. सरकारने दार लावले तेव्हा त्यांना बाहेर यावे लागले. स्वतःची आदर्श शाळा काढली असती तर ती कदाचित आजही चालू असती, पण मग ती थोड्यांचीच राहिली असती.

तरीही हा उद्योग वाया गेला असे म्हणवत नाही. 2005 साली प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा जो आराखडा तयार झाला, त्यात मुलाने आपल्या अनुभवातून ज्ञान स्वतः घडवावे, या तत्त्वाला मानाचे स्थान मिळाले. पुढे तिसरी ते पाचवीसाठी निघालेल्या ‘आस-पास’ या केंद्रीय पुस्तकमालेत परिसर पाहण्यावर व प्रश्न विचारण्यावर भर होता. विचार एका दारातून घालविला तर दुसऱ्या दारातून येतो.

परंतु पुस्तक बदलले म्हणजे वर्ग बदलतो असे नाही, हाही होशंगाबादचाच धडा आहे. तेथे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: पुस्तक, परीक्षा आणि शिक्षकाचा मान. त्यांतील एक जरी मागे राहिली तरी उरलेल्या दोन लंगड्या पडतात. ज्या शिक्षकाला कचेरी प्रश्न विचारू देत नाही, तो मुलांना प्रश्न विचारू देईल ही आशा व्यर्थ आहे. आणि ज्या परीक्षेत ठराविक वाक्यालाच गुण आहेत, तिच्यासाठी कोणते मूल चिखलात हात घालून मूळ उपटील?

त्या शाळांतून शिकून गेलेली मुले आता प्रौढ झाली आहेत. ती सर्वच काही शास्त्रज्ञ झाली नाहीत, आणि व्हावीत असा कोणाचा आग्रहही नव्हता. त्यांतले कोणी शेती करीत असतील, कोणी दुकान चालवीत असतील. बांधावरून जाताना एखादे अनोळखी पान दिसले आणि त्याचे मूळ कसे असेल याचा विचार त्यांच्या मनात सहज डोकावून गेला, तर तीस वर्षांच्या त्या श्रमांचे सार्थक झाले असे मानण्यास हरकत नाही.