श्रीकृष्ण आयोगाचं पुढे काय झालं?

१९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसं मेली. हा आकडा न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अहवालातला आहे. त्यातले ५७५ मुस्लिम होते, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जणांचा धर्म कळला नाही. माणसं कशाने मेली याचाही तपशील अहवालात आहे. भोसकल्याने ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२. आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६.

म्हणजे त्या दंगलीतल्या मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण पोलिसांची गोळी हे होतं. यातला प्रत्येक गोळीबार चुकीचा होता असं आयोग म्हणत नाही. डिसेंबरमध्ये जमावांनी पोलिसांवरही हल्ले केले होते. पण सरकारी बंदुकीतून गोळी सुटली की ती का सुटली, हुकूम कोणाचा होता, याचा हिशोब सरकारने द्यायचा असतो. तो मागायला एक न्यायाधीश बसले. त्यानंतर जे घडलं, ते आपल्याकडे 'जबाबदारी' या शब्दाचं काय होतं हे समजून घ्यायला पुरेसं आहे.

पाच वर्षांची सुनावणी

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्री मुंबई पेटली. पहिला टप्पा पाच दिवसांचा. दुसरा ६ जानेवारी १९९३ पासून दोन आठवडे चालला. मधल्या काळात महाआरत्या सुरू झाल्या होत्या, अफवा फिरत होत्या. डोंगरीत माथाडी कामगारांचे खून झाले, जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत झोपलेली माणसं कोंडून जाळली गेली. त्यानंतरचे दिवस सूडाचे होते.

२५ जानेवारी १९९३ ला सुधाकरराव नाईक यांच्या सरकारने आयोग नेमला. मार्चमध्ये नाईक गेले, शरद पवार आले. त्यांच्या शपथविधीनंतर सहाच दिवसांनी, १२ मार्चला, साखळी बाँबस्फोटांत २५७ जण ठार झाले. आयोगाचं काम मात्र सुरू राहिलं. दोन हजारांहून जास्त प्रतिज्ञापत्रं आली, पाचशेहून जास्त साक्षीदार तपासले गेले. हद्दीतल्या घटनांबद्दल पोलीस अधिकाऱ्यांची उलटतपासणी झाली.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. २३ जानेवारी १९९६ ला त्याने आयोगच बरखास्त केला. काम फार लांबलं, हे कारण दिलं. जोरदार टीका झाली आणि पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी शब्द टाकल्यावर मे महिन्यात आयोग पुन्हा उभा राहिला. मात्र आता बाँबस्फोटांचा विषयही त्याच्या कक्षेत जोडला गेला.

१६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल सरकारच्या हातात पडला. चौकशी आयोगाच्या कायद्यानुसार अहवाल आणि त्यावरच्या कारवाईचं निवेदन सहा महिन्यांच्या आत विधिमंडळात मांडावं लागतं. सरकारने तो मांडला ६ ऑगस्टला, मुदत संपायला दहा दिवस उरले असताना.

अहवालात काय होतं

आयोगाने कोणालाच सोडलं नाही. मुख्यमंत्री नाईक राजकीय कारणांसाठी कचरले, लष्कराचा परिणामकारक वापर करायचा हुकूम द्यायला त्यांनी मोलाचे दिवस घालवले, असं म्हटलं. वरून येणारे आदेश परस्परविरोधी होते, त्यामुळे गोळी चालवायची की नाही हेच खालच्या शिपायाला उमगेना, असाही निष्कर्ष काढला. पोलीस आयुक्त श्रीकांत बापट यांच्या नेतृत्वावर बोट ठेवलं. जानेवारीतले हल्ले संघटित होते आणि त्यांत शिवसेनेचा व बाळासाहेब ठाकरे यांचा हात होता, हे स्पष्ट लिहिलं. पोलीस दलात मुस्लिमांविषयी आकस होता आणि तो तक्रार नोंदवून घेण्यापासून गोळी झाडण्यापर्यंत दिसला, हेही लिहिलं. ३१ पोलिसांवर कारवाईची शिफारस केली.

यातली आकसाची गोष्ट नवी नव्हती. १९७० च्या भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींवर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानेही पोलिसांच्या पक्षपातावर लिहिलं होतं. तेव्हाच काही केलं असतं, तर श्रीकृष्णांना तेच पुन्हा लिहावं लागलं नसतं.

मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी अहवाल हिंदूविरोधी आणि एकतर्फी ठरवून फेटाळला. कायद्याने त्यांना तशी मुभा होती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. त्याच्या शिफारशी सरकारला बांधील नसतात, आणि आयोगापुढे दिलेली साक्ष त्या माणसाविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. आयोग सत्य शोधू शकतो. शिक्षेसाठी पुन्हा पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय याच वाटेने जावं लागतं. ज्यांची चौकशी झाली त्यांच्याच खात्याकडे तपास परत येतो.

सरकार बदललं, मग?

१९९९ च्या निवडणुकीत काँग्रेसने अहवाल अंमलात आणायचं आश्वासन दिलं. काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार आलं आणि पुढची पंधरा वर्षं टिकलं. सुरुवात दणक्यात झाली. २५ जुलै २००० ला 'सामना'तल्या अग्रलेखांवरून बाळासाहेब ठाकरेंना अटक झाली. त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य ठरवून त्यांना मोकळं केलं. मुदत संपू कोणी दिली? एका पक्षाच्या नव्हे, एकामागून एक आलेल्या सगळ्या सरकारांनी.

सुलेमान उस्मान बेकरीचं प्रकरण असंच. ९ जानेवारी १९९३ ला सहपोलीस आयुक्त आर. डी. त्यागी यांच्या देखरेखीखाली पोलीस पथक तिथे घुसलं. आतून आमच्यावर गोळीबार होत होता, हे पोलिसांचं म्हणणं आयोगाला पटलं नाही. त्यागी मधल्या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होऊन निवृत्तही झाले. २००१ मध्ये त्यांच्यासह १८ पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यागींसह नऊ जणांना आरोपमुक्त केलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडला तो एक मदरशातला शिक्षक. २०११ मध्ये त्याचीही याचिका फेटाळली गेली.

नेत्यांपैकी शिक्षा झालेलं ठळक नाव शिवसेनेचे मधुकर सरपोतदार यांचं. प्रक्षोभक भाषणाबद्दल २००८ मध्ये एक वर्ष कैद, मग जामीन, आणि २०१० मध्ये मृत्यू. राधाबाई चाळ प्रकरणी खालच्या न्यायालयाने दोषी धरलेले आरोपी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. म्हणजे न्याय कोणालाच मिळाला नाही, जळालेल्या हिंदू कुटुंबालाही नाही.

याउलट बाँबस्फोटांचा खटला पाहा. विशेष न्यायालय, केंद्रीय तपास, १०० जण दोषी, २०१५ मध्ये याकूब मेमनला फाशी. तपास करायचाच म्हटलं तर यंत्रणा करू शकते, हे याच शहराने पाहिलं. फरक क्षमतेचा नव्हता.

तीस वर्षांनंतरचा निकाल

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दंगलीत १६८ माणसं बेपत्ता झाली होती, भरपाई फक्त ६० कुटुंबांना मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना शोधून दोन लाख रुपये व्याजासह द्या, असं न्यायालयाने सांगितलं. आरोपी सापडत नाहीत म्हणून सुप्त पडलेल्या ९७ खटल्यांना चालना द्या आणि पोलीस सुधारणेच्या मान्य केलेल्या शिफारशी अंमलात आणा, असंही सांगितलं. त्या काळात कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरलं, याची नोंद केली.

पोलीस सुधारणेच्या शिफारशी वाचल्या तर त्या अगदी साध्या आहेत. बदल्या-बढत्यांत राजकारण्यांचा हात नको. शिपायाला राहायला धड घर हवं, दंगल काबूत आणायचं प्रशिक्षण आणि साधनं हवीत. बदलीसाठी आमदाराचा उंबरठा झिजवणारा निरीक्षक दंगलीच्या दिवशी त्याच आमदाराच्या माणसांना अडवेल, ही अपेक्षा कशी करायची? २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी हेच सांगितलं, ठरावीक कार्यकाळ आणि तक्रार प्राधिकरण यांसह.

श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल गुप्त नाही, आज फोनवरही वाचता येतो. त्यात पोलीस ठाण्यांनुसार प्रकरणं आहेत. मुंबईत राहत असाल तर आपल्या ठाण्याचं प्रकरण काढून वाचा. गल्ल्यांची नावं ओळखीची निघतील. मग कोणत्याही शहरात दंगलीनंतर 'चौकशी आयोग नेमला आहे' अशी बातमी येईल, तेव्हा पुढचे प्रश्न आपोआप सुचतील: अहवाल कधी मांडणार, गुन्हे कोण नोंदवणार, आणि तपास कोणाच्या हातात देणार?