हिशेब मागणे हेच राजकारण

हिंदी पलटणी परक्या देशांत धाडल्या जात असताना नामदार गोखल्यांनी नीतीचा प्रश्न सोडून खर्च कोणी सोसायचा एवढाच वाद घातला, असा आक्षेप पुण्यात अजून घेतला जातो. सैनिकाच्या प्राणाचे मोल रुपयांत करणे हे मवाळांचे क्षुद्रपण, असे हे मत सांगते. त्यामागची तळमळ खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पारतंत्र्यात फौज कोठे धाडावी हे ठरवण्याचा हक्क हिंदी माणसाला नव्हताच. त्याच्या हाती कायद्याची एकच दोरी होती. १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, आक्रमणाचा प्रतिकार किंवा तातडीची निकड वगळता, सीमेबाहेरील लष्करी कारवाईवर हिंदी महसूल खर्च करायला पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती लागे. तरी ॲबिसिनियात अडकलेल्या इंग्रज वकिलाला व इतर कैद्यांना सोडवण्यासाठी १८६७-६८ मध्ये मुंबईहून फौज निघाली, आणि त्या पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच माथी राहिला. १८९६ मध्ये सुदानातील सुआकीन बंदरात धाडलेल्या पलटणींबाबतही तेच घडले. १८९७ मध्ये डेक्कन सभेच्या वतीने गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले, ते या पार्श्वभूमीवर. ज्या जागी सत्ता कायद्याने बांधलेली होती, तेथेच त्यांनी बोट ठेवले.

यावर प्रतिपक्ष विचारील, खर्च इंग्लंडने उचलला तर हा युक्तिवाद उरतो कोठे? १९०० मध्ये पेकिंगच्या वकिलाती सोडवायला आणि १९२७ मध्ये शांघायची परकीय वसाहत राखायला हिंदी सैनिक गेले, तेव्हा खर्च ब्रिटिश सरकारनेच दिला. १९२७ मध्ये तर या फौजेबाबत मध्यवर्ती कायदेमंडळात आलेली तहकुबीची सूचनाही व्हाइसरॉय आयर्विन यांनी नाकारली. पण गोखल्यांनी याचे उत्तर आधीच दिले होते. एवढी फौज चीन आणि दक्षिण आफ्रिकेला सहज पाठवता येत असेल, तर ती हिंदुस्थानच्या गरजेपेक्षा मोठी आहे. मग रयतेने ती वर्षभर पोसायची कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल थेट धोरणाचा आहे. परक्या वसाहतींच्या रक्षणासाठी हिंदुस्थानला छावणी बनवण्याच्या साऱ्या नीतीवरच तो घाव घालतो.

स्वराज्यातही हा प्रश्न मिटलेला नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली, तिची सूत्रे पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडच्या प्रमुखांकडे होती. ११०० हून अधिक जवान तेथे कामी आले. फौज पाठवण्यापूर्वी संसदेचे मत घेतले गेले नव्हते, आणि तसे घेण्याचे बंधन आजही नाही. संसदेपुढे दरवर्षी येतात त्या संरक्षणखात्याच्या अनुदानाच्या मागण्या. म्हणून गोखल्यांना हिशेबनीस म्हणून हिणवणाऱ्यांनी आपल्या खासदाराला विचारावे : या मागण्यांवर आपण सभागृहात किती वेळा बोललात?