दुसऱ्याच्या नावाने कचेरीत शिरलेला प्रिंटर

१९८० चे दशक सरत आले होते. अमेरिका आणि युरोपातील अनेक मध्यम आकाराच्या कंपन्यांत दोन यंत्रे एकाच छताखाली नांदू लागली होती. पहिले यंत्र म्हणजे आयबीएमचा एएस/४०० हा संगणक. पगारपत्रके, बिले, मालसाठा, येणे-देणे असा सारा संसार त्याच्या पोटात असे. दुसरे यंत्र म्हणजे टेबलावर मावणारा लेझर प्रिंटर, बहुधा ह्यूलेट-पॅकार्डचा लेझरजेट. दोघांमध्ये अंतर जेमतेम पन्नास पावलांचे; पण एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नव्हते. ही त्या पन्नास पावलांची कथा.

एएस/४०० बाजारात आला २१ जून १९८८ रोजी. त्याची जन्मभूमी मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर. तेथेच सिस्टिम/३८ आणि सिस्टिम/३६ ही त्याची वडीलधारी यंत्रे घडली होती आणि त्यांच्याकडून त्याला एक जाड केबल वारशाने मिळाली होती. तिचे नाव ट्विनॲक्स: एकाच आवरणात तांब्याच्या दोन तारा, सेकंदाला दहा लाख बिटांचा वेग आणि ५,००० फुटांपर्यंत पल्ला. एका केबलवर मण्यांसारखी ओवलेली जास्तीत जास्त ७ उपकरणे, प्रत्येकाला ० ते ६ पैकी एक क्रमांक.

या केबलवरचा कारभार शाळेतल्या हजेरीसारखा चाले. संगणकाचा नियंत्रक क्रमाक्रमाने प्रत्येक क्रमांकाला हाक मारी. उपकरणाने ‘हजर’ म्हणायचे, आपण कोण हे सांगायचे आणि आपली स्थिती कळवायची. कागद संपला असेल तर तेही तेव्हाच. हाकेला जो ओ देणार नाही, तो संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसे.

लेझर प्रिंटर हे मुळात महाकाय यंत्र. आयबीएमचा ३८०० हा प्रिंटर १९७६ मध्ये मिलवॉकी येथे वूलवर्थ कंपनीच्या संगणक केंद्रात प्रथम बसवला गेला, तेव्हा त्याला खोलीभर जागा लागली. टेबलावरचा लेझर प्रिंटर शक्य झाला तो जपानच्या कॅनन कंपनीने बनवलेल्या छोट्या यंत्रगाभ्यामुळे. त्याच गाभ्यावर ह्यूलेट-पॅकार्डने १९८४ मध्ये लेझरजेट काढला. किंमत ३,४९५ डॉलर, मिनिटाला ८ पाने, इंचाला ३०० ठिपके. ठोके मारणाऱ्या प्रिंटरच्या कर्कश खडखडाटाला विटलेल्या कचेऱ्यांना हे शांत यंत्र हवेहवेसे वाटले, यात नवल नाही. पण ते जन्मले होते वैयक्तिक संगणकासाठी. त्याच्या पाठीवर ट्विनॲक्सची खाच नव्हती आणि हजेरीला ओ देण्याची रीत त्याला कोणी शिकवली नव्हती.

केबल जुळवली तरी भाषेचा प्रश्न उरत होताच. आयबीएमचे मोठे संगणक १९६४ पासून एब्सिडिक या संकेतावलीत अक्षरे साठवत. तिचे मूळ छिद्रांच्या कार्डांत, त्यामुळे तिची मांडणीही कार्डांच्या सोयीची. इंग्रजी ‘ए’ तेथे १९३ व्या स्थानी. ‘आय’ २०१ वर संपतो आणि पुढचा ‘जे’ एकदम २०९ वर. उर्वरित जगाच्या आस्की संकेतावलीत तोच ‘ए’ ६५ व्या स्थानी आणि सगळी अक्षरे सलग. प्रिंटरला हुकूम सोडण्यासाठी वापरले जाणारे ‘एस्केप’ हे चिन्ह आस्कीत २७, एब्सिडिकमध्ये ३९. गंमत अशी, की हे ३९ षोडशमान पद्धतीने लिहिले तर २७ च दिसते. पद्धत न पाहता नुसता आकडा वाचणाऱ्याला येथे घोटाळा करून घेणे फार सोपे होते.

या दोघांमध्ये मग एक डबा उभा राहिला. त्याला म्हणत प्रोटोकॉल कन्व्हर्टर. अनेक छोट्यामोठ्या कंपन्या तो विकत. त्याच्या एका बाजूला ट्विनॲक्स, दुसऱ्या बाजूला लेझरजेटची केबल. हजेरी झाली की डबा ओ देई, आणि आपण आयबीएमचाच ५२५६ सारखा एखादा जुना प्रिंटर आहोत असे बेधडक सांगे. संगणक विश्वास ठेवी, त्या नावाने नोंद करी आणि मजकूर पाठवू लागे. डबा एब्सिडिकचे आस्की करी, आयबीएमच्या ओळ-पान सांगणाऱ्या खुणांचे लेझरजेटच्या पीसीएल भाषेत रूपांतर करी आणि मजकूर पुढे ढकली. बिले छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदलावे लागत नसे. मध्यम आकाराच्या संगणकांचे ग्राहक जुने प्रोग्रॅम जिवापाड जपत. त्यांच्या दृष्टीने या डब्याचे खरे मोल येथेच होते.

पण सोंग घेतले की ते पूर्ण वठवावे लागते. ५२५६ हा सलग, कडेला भोके असलेल्या कागदावर छापणारा प्रिंटर. म्हणून संगणक छपाईपूर्वी ऑपरेटरला विचारी: कागद नीट जुळवला आहे का? लेझरजेटच्या ट्रेमध्ये सुट्या कागदांची चळत असे. जुळवण्यासारखे काही नव्हतेच. तरी उत्तर दिल्याशिवाय छपाई पुढे सरकत नसे. अहवालांची मापेही जुन्या रुंद कागदाची: एका ओळीत १३२ अक्षरे, पानावर ६६ ओळी. अमेरिकी लेटर कागदावर लेझरजेटचा साधा हिशेब ६० ओळींचा. उरलेल्या ६ ओळी दुसऱ्या पानावर सांडत आणि पाठोपाठचा सारा अहवाल विस्कटून जाई. उपाय म्हणजे पान आडवे करून अक्षरे बारीक करणे. ही सोय पुढे एएस/४०० मध्येच अंगभूत होती. तोवर कचेऱ्यांनी कागद किती वाया घालवला असेल, याचा अंदाजच केलेला बरा.

खरी खोट मात्र याहून खोल होती. डब्याने मजकूर घेतला की तो संगणकाला ‘मिळाला’ असे कळवी. संगणक काम झाले असे समजून ती छपाई आपल्या रांगेतून पुसून टाकी. प्रत्यक्षात पाने अजून डब्यात किंवा प्रिंटरच्या स्मृतीत असत. कागद अडकला, तो काढताना कोणी प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, की ती पाने गेली. साध्या पत्राचे एक वेळ ठीक. पण धनादेशांचा किंवा अनुक्रमांक असलेल्या बिलांचा गठ्ठा छापला जात असेल, तर संगणकाच्या मते छापलेले आणि हातात मात्र नसलेले बिल हिशेबनिसाची झोप उडवी. म्हणून सावध ऑपरेटर छपाईनंतरही फाइल जपून ठेवण्याची सूचना आधीच देऊन ठेवत आणि पाने मोजल्याशिवाय ती काढून टाकत नसत. आयबीएमकडे याला शिस्तशीर उत्तर होते. तिची आयपीडीएस ही छपाईपद्धती पानागणिक पोच घेई आणि अडथळा आला तर नेमक्या पानापासून पुन्हा सुरुवात करी. पण त्यासाठी ती पद्धती जाणणारा, महागडा प्रिंटर लागे. बहुतेकांनी स्वस्त प्रिंटर पत्करला आणि त्याबरोबर जोखीमही.

या घडामोडींच्या काळात आयबीएम भारतात नव्हती. १९७८ मध्ये गेलेली ही कंपनी टाटा समूहाशी भागीदारी करून परतली ती १९९२ मध्ये, डब्यांचे दिवस उताराला लागले तेव्हा.

१९९१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने जेटडायरेक्ट कार्ड आणले आणि प्रिंटर थेट नेटवर्कवर येऊ लागला. त्याच वर्षी आयबीएमने आपला छोट्या प्रिंटरांचा धंदा वेगळा काढला आणि लेक्समार्क जन्मली. पुढच्या काही वर्षांत डब्याचे भाषांतराचे काम एएस/४०० च्या कार्यप्रणालीनेच उचलले. ‘होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म’ या सुविधेत प्रिंटरचा प्रकार सांगितला, की संगणक स्वतःच पीसीएल बोलू लागे. पोचेचा जुना प्रश्न मात्र लगेच सुटला नाही. नेटवर्कवरून मजकूर नुसता सोपवून देण्याची सोपी रीत होती, तिच्यात ‘सोपवला म्हणजे छापला’ हीच समजूत कायम राहिली. प्रिंटरला स्थिती विचारता येईल अशी पीजेएल ही आज्ञाभाषा रुळली आणि तिचा वापर करणारी जोडणी आली, तेव्हा कुठे पान खरोखर बाहेर पडले की नाही हे संगणकाला कळू लागले.

एएस/४०० चा वारस आज ‘आयबीएम आय’ या नावाने चालतो. त्यावर नवा कोरा लेझर प्रिंटर नेटवर्कवरून जोडायचा, तर त्याची नोंद करताना उपकरणाचा प्रकार या रकान्यात अजूनही भरतात ३८१२. हा क्रमांक आयबीएमच्याच १९८० च्या दशकातील एका पेजप्रिंटरचा. ते यंत्र केव्हाच कालबाह्य झाले आहे.