खरखरीची ग्यारंटी

रेडिओ आणि दुचाकी यांचं मुळात पटत नाही, हे आपल्या चाळींना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कसोटी सामन्याचं धावतं वर्णन ऐन रंगात आलेलं असावं, गावसकर नव्वदीत असावा, आणि नेमकी त्याच क्षणी खाली कुणीतरी स्कूटरला किक मारावी. लगेच रेडिओतून मोहरी तडतडल्यासारखा आवाज. तो विरेपर्यंत षटक संपलेलं. गावसकर आहे की गेला, हे विचारायला शेजारी जावं, तर त्याच्याही रेडिओत तीच फोडणी.

स्कूटरवाल्याला आपण मनातल्या मनात जे काही बोललो ते आता मागे घ्यायला हवं. १८८७ साली जर्मनीत हर्ट्‌झ नावाच्या प्राध्यापकाने रेडिओलहरी सिद्ध केल्या त्या विजेची ठिणगी पाडूनच. पुढे मार्कोनीनेही संदेश पाठवले ते ठिणगीवरच. आता स्पार्क प्लग दुसरं काय करतो? मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात मिनिटाला तीन हजार ठिणग्या पडतात. म्हणजे प्रत्येक स्कूटर हे एक छोटंसं, विनापरवाना नभोवाणी केंद्र. कार्यक्रम एकच, खरखर. पण प्रक्षेपण नियमित.

अशा यंत्रावरच रेडिओ बसवायचा, हा विचार अमेरिकेत झाला. सुरुवात अर्थात मोटारीपासून. शिकागोच्या पॉल गॅल्विन आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी १९२८ साली एक छोटा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला, तेव्हा जगण्यासाठी काहीतरी नवं हवं म्हणून त्यांनी १९३० साली मोटारीचा रेडिओ काढला. किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास. नाव ठेवलं 'मोटोरोला'.

या प्रकरणात एक कथा सांगतात. आम्ही बँकेतली माणसं ती जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतो. गॅल्विनला कर्ज हवं होतं. साहेबांवर छाप पडावी म्हणून त्याने आपली माणसं पाठवून बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्ज मिळालं नाही. कथा खरी असो वा नसो, शेवटचं वाक्य मला पूर्णपणे विश्वसनीय वाटतं. कर्जाच्या अर्जाबरोबर काय काय जोडावं याची यादी प्रत्येक बँकेत निराळी असते. पण साहेबांची जळकी गाडी कुठल्याच यादीत नाही.

गॅल्विन खचला नाही. १९३० च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन भरलं. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. ऑर्डरी मिळाल्या. खरखरीवर इलाजही निघाला: प्लगच्या तारांत रोध घाला, जनरेटरला कंडेन्सर लावा. शिवाय मोटारीत इंजिन पत्र्याच्या झाकणाखाली असतं आणि रेडिओ पलीकडच्या खोलीत. सासू-सून वेगळ्या खोल्यांत असल्या की घर चालतं, तसं हे चाललं.

मोटारसायकलला खोल्याच नाहीत. इंजिन उघडं, रेडिओ त्याच्यापासून हातभर अंतरावर, बॅटरी लहान, वरून पाऊस, खालून हादरे. तरी १९३० च्या दशकातच अमेरिकन पोलिसांच्या मोटारसायकलींवर रेडिओ चढले. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. काचेची नळी, आत केसासारखी तार. आणि खाली हार्ले-डेव्हिडसनचं इंजिन: दोन सिलिंडर ४५ अंशांत कललेले, दोघांच्या दांड्या एकाच क्रँकपिनवर. त्या इंजिनाचा तो भारदस्त आवाज म्हणजे त्याचा हादराच. चाहते त्याच्यावरच जीव टाकतात. व्हॉल्व्हला मात्र चाहता होऊन परवडण्यासारखं नव्हतं.

१९४७ साली ट्रान्झिस्टर आला. १९५५ साली क्रायस्लरच्या मोटारीत संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ बसला, आणि काचेचा प्रश्न मिटला. १९८० साली होंडाने गोल्ड विंगचा 'इंटरस्टेट' हा अवतार आणला. समोर वारा अडवणारं मोठं कवच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि जादा पैसे मोजल्यास स्टिरिओ. त्याच वर्षी हार्लेनेही आपल्या 'टूर ग्लाइड'मध्ये इंजिन रबरावर बसवून हादऱ्यांशी तडजोड केली. आता मोटारसायकलवाला गाणं ऐकत दिवसाला चारशे मैल जाणार. आणि इथूनच डीलरच्या दारातल्या खऱ्या नाटकाला सुरुवात होते.

काच गेली तरी तारा राहिल्या. हँडल वळलं की तारा वळतात. रोज वळतात, हजारदा वळतात. एखादी आतून तुटते आणि बाहेरून सोवळी दिसते. जोडणीत पाणी शिरतं, अर्थिंगला गंज चढतो. आपला मेकॅनिक याला दोन शब्दांत 'लूज कनेक्शन' म्हणतो आणि डोकं खाजवतो. कारण हा आजार सतत नसतो. पावसात, साठ मैलांच्या वेगात, डावीकडे वळताना रेडिओ मुका होतो. डीलरच्या कोरड्या शेडमध्ये, स्टँडवर, तोच रेडिओ घसा साफ करून सुरेल गातो. दातदुखी दंतवैद्याच्या पायरीवर थांबते, त्यातलाच प्रकार. कागदावर शेरा पडतो: तक्रार आढळली नाही.

डीलर लबाड असतो असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची गोम हिशेबात आहे, आणि हिशेब म्हटला की मला त्याची दया येते. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देते, आणि तेही ठरलेल्या दराने. अमुक काम, अमुक वेळ, अमुक पैसे. रेडिओ काढून नवा बसवायला तक्त्यात रकाना आहे. तुटकी तार दिवसभर शोधत बसायला, त्या कामाला शोभेल असा रकाना नाही. तेव्हा डीलर काय करणार? चांगला रेडिओ काढून दुसरा चांगला रेडिओ बसवतो. तार आहे तिथेच. महिन्याभराने गिऱ्हाईक परत. कंपनी म्हणते, रेडिओ आम्ही कुठे बनवतो, तो अमक्यांचा. अमके म्हणतात, आमचा रेडिओ टेबलावर उत्तम चालतो. दोघंही खरं बोलतात. दोष दोघांच्या मधल्या वीतभर तारेत असतो, आणि तेवढ्या वितीचा जामीन कुणीच नसतो.

अमेरिकेने १९७५ साली वॉरंटीचा कायदाच केला. वॉरंटी 'पूर्ण' की 'मर्यादित' हे स्पष्ट लिहायचं. पूर्ण असेल आणि वाजवी प्रयत्नांनंतरही वस्तू नीट होत नसेल, तर बदलून द्या किंवा पैसे परत करा. कंपन्यांनी कायदा नीट वाचला आणि बहुतेक सगळ्यांनी 'मर्यादित' लिहिलं. मग १९८२ साली कनेक्टिकट राज्याने नव्या मोटारींसाठी 'लेमन लॉ' केला. त्यात दुरुस्तीच्या खेपासुद्धा मोजून ठेवल्या. वारंवार बिघडणाऱ्या गाडीला अमेरिकन माणूस लिंबू म्हणतो. आपण नवी गाडी बिघडू नये म्हणून तिला लिंबू बांधतो.

आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला, आणि २०१९ साली त्याच्या जागी नवा झाला. पण त्याआधीच्या काळात आपलं सगळं भवितव्य ग्यारंटी कार्डावर होतं, आणि कार्डाचं भवितव्य दुकानाच्या शिक्क्यावर. ग्यारंटी आणि वॉरंटी ही खरं तर एकाच जुन्या फ्रेंच शब्दाची भावंडं. एक 'ग'वाल्या बोलीतून आलं, दुसरं 'व'वाल्या. फरक वकिलांना कळतो. आपल्याला एवढंच कळायचं, की कार्ड कपाटात जपून ठेवलेलं आहे आणि त्यावर शिक्का नाही.

म्हणूनच की काय, आपल्या लोकांनी रेडिओ गाडीला कधी जोडलाच नाही. कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर सायकलच्या नाहीतर राजदूतच्या हँडलला नुसता लटकवला. तारेचा संबंध नाही, कंपनीचा नाही, डीलरचा नाही. खरखर वाढली की डाव्या हाताने एक थप्पड द्यायची. बहुधा चालू व्हायचा. नाहीच झाला, तर दुसरी, थोडी खालच्या बाजूला.